चेहऱ्यावर चार रेघा, केस मात्र नीट विंचरलेले : ५ हजार वर्षांपूर्वीची 'वाल्दिवियाची व्हीनस' नेमकी आहे कोण?

हा फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. काळी पार्श्वभूमी आणि मधोमध लालसर मातीची, हाताच्या पंजात मावेल एवढी बाई. डोळ्यांच्या जागी दोन चिरा, तोंडाच्या जागी आणखी एक. हात असून नसल्यासारखे. पाय आहेत, पण पावलं नाहीत. डोक्यावर मात्र भरगच्च केस, तेही एकेक बट दिसेल असे कोरलेले.

खाली कॅप्शन असतं, '५ हजार वर्षांपूर्वीची देवी'. मग कमेंट सुरू होतात. कुणी म्हणतं एलियन आहे. कुणी म्हणतं, 'एवढं तर माझी पुतणीपण करेल.' कुणाला त्यात पिकासो दिसतो.

ही मूर्ती आहे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाची. तिला 'वाल्दिवियाची व्हीनस' म्हणतात. ती एकटी नाही, अशा असंख्य मूर्ती आणि त्यांचे तुकडे सापडले आहेत. ती देवी होती का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आणि एवढी साधी दिसण्याचं कारण 'बनवणाऱ्याला जमलं नाही' हे तर अजिबात नाही.

मग ती कोण आहे, अशी का दिसते आणि तिच्याबद्दल जे थोडंफार कळलंय ते कशामुळे कळलं, हे समजून घेऊ.

ही मूर्ती सापडली कुठे?

इक्वेडोरच्या पश्चिमेला प्रशांत महासागर आहे. तिथल्या सांता एलेना प्रांतात किनाऱ्यावर वाल्दिविया नावाचं कोळ्यांचं गाव आहे. ग्वायाकील शहरातले व्यावसायिक आणि हौशी पुरातत्त्वज्ञ एमिलिओ एस्त्रादा यांनी १९५६ मध्ये इथल्या जुन्या वस्तीकडे जगाचं लक्ष वेधलं. पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतलं संशोधक दांपत्य बेटी मेगर्स आणि क्लिफर्ड इव्हान्स त्यांच्यासोबत कामाला लागलं.

जमिनीतून शंख-शिंपल्यांचे ढीग, माशांची हाडं, नक्षीदार खापऱ्या आणि या छोट्या मूर्ती निघाल्या. कोळशाचं कार्बन डेटिंग झालं, तेव्हा सगळेच चकित झाले. त्या वेळी माहीत असलेल्या अमेरिका खंडांतल्या भांड्यांमध्ये ही सर्वांत जुनी ठरली. हा विक्रम पुढे टिकला नाही. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यात आणि कोलंबियात त्याहून जुनी भांडी सापडली. पण गावाचं नाव या संस्कृतीला कायमचं चिकटलं.

वाल्दिविया संस्कृतीचा काळ साधारण इ.स.पू. ४००० च्या आसपास सुरू होतो आणि इ.स.पू. १५०० च्या आसपास संपतो. मातीच्या मूर्तींचा बहर मुख्यतः इ.स.पू. ३००० ते २००० या हजार वर्षांतला. म्हणजे इजिप्तमध्ये गिझाचे पिरॅमिड उभे राहत होते आणि सिंधू खोऱ्यात हडप्पा, मोहेंजोदडो भरात होतं, तेव्हा या किनाऱ्यावर लोक या बायका घडवत होते. या तिन्ही ठिकाणांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

हे लोक कोण होते?

मासेमारी करणारे, शिंपले गोळा करणारे आणि शेतीही करणारे. गावं करून राहणारे.

त्यांची सगळ्यात नीट अभ्यासलेली वस्ती म्हणजे चांदुय गावाजवळचं रेआल आल्तो. इलिनॉय विद्यापीठाचे डोनाल्ड लॅथ्रॅप आणि इक्वेडोरचे होर्हे मार्कोस यांच्या पथकानं १९७४-७५ मध्ये इथं मोठं उत्खनन केलं. मधोमध मोकळं मैदान, भोवती लंबगोल घरं आणि मैदानात समोरासमोर दोन उंचवटे, अशी गावाची रचना होती. एका उंचवट्यावर सामूहिक मेजवान्यांची जागा होती, तर दुसऱ्यावर मृतांचं घर. या मृतांच्या घराच्या उंबऱ्याशी एका स्त्रीची कबर सापडली. तिच्या कबरीला अस्तर होतं पाट्या-वरवंट्यांचं. दळण्या-वाटण्याची दगडी साधनं रचून तिला त्यात निजवलं होतं. गावात स्त्रियांचं स्थान काय होतं, याचा विचार करताना ही कबर विसरून चालत नाही.

आणि हे लोक वाटत काय होते? इथं आपला थेट संबंध येतो. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दगडी साधनांवर आणि भांड्यांच्या खापऱ्यांवर चिकटून राहिलेले स्टार्चचे सूक्ष्म कण त्यात तपासले होते. लोमा आल्ता आणि रेआल आल्तो या वाल्दिविया वस्त्यांमध्ये लागवडीच्या मिरचीचे कण सापडले, सुमारे ६,१०० वर्षांपूर्वीचे. मक्याचे पुरावेही या वस्त्यांमधून मिळाले आहेत. मिरची आपल्याकडे आली ती १६व्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या वाटेनं. म्हणजे आपल्या ठेच्यातली मिरची आपल्याकडे येण्याच्या साडेपाच हजार वर्षं आधी या मूर्ती बनवणाऱ्यांच्या पूर्वजांच्या जेवणात होती.

'प्री-कोलंबियन' म्हणजे किती जुनं?

या मूर्तींच्या फोटोखाली 'प्री-कोलंबियन' हा शब्द हमखास असतो. त्याचा संबंध कोलंबिया देशाशी नाही, कोलंबसशी आहे. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेच्या बाजूला पोहोचला. त्याआधीचं तिथलं सगळं ते प्री-कोलंबियन, म्हणजे कोलंबसपूर्व.

शब्द सोयीचा आहे, पण फसवाही आहे. कारण त्यात हजारो वर्षं आणि शेकडो समाज एकाच पोत्यात भरले जातात. इंका साम्राज्याचा विस्तार १५व्या शतकातला. म्हणजे इंका आणि आपल्यात ६०० वर्षांहून कमी अंतर आहे, पण इंका आणि वाल्दिवियाच्या या मूर्ती यांच्यात सुमारे ४ हजार वर्षांचं. त्यामुळे 'इंकांची देवी' असं कॅप्शन दिसलं, तर पुढे वाचायची गरज नाही.

मूर्ती बनवायचे कशी?

आधी दगडाच्या, मग मातीच्या, असा या मूर्तींचा प्रवास मानला जातो.

सुरुवातीच्या दगडी मूर्ती म्हणजे जवळजवळ चपट्या पट्ट्याच. मऊ चुनखडीसारखा दगड घ्यायचा, घासून गुळगुळीत करायचा, खालच्या बाजूला मधोमध एक खाच पाडायची. झाले दोन पाय. वर डोळे-भुवयांसाठी चार रेघा. काही मूर्तींवर तेवढंही नाही.

मग माती आली. पद्धत साधी होती. मातीच्या दोन वळ्या करायच्या, जशा आपण चकली किंवा कडबोळ्यासाठी वळतो, पण जाड. त्या शेजारी शेजारी ठेवून दाबायच्या. वरचा भाग एकजीव झाला की धड तयार. खालची टोकं सुटी ठेवली की ते पाय. छातीवर मातीचे दोन छोटे गोळे चिकटवायचे. हात छातीशी दुमडलेले किंवा नुसते उंचवट्यासारखे. डोक्यावर मातीचा वेगळा थर टोपीसारखा बसवायचा, ते केस. मग टोकदार काडीनं किंवा हत्यारानं डोळे, भुवया आणि तोंडाच्या चिरा पाडायच्या आणि केसांवर बारीक रेघा ओढायच्या. अंगाला लाल मातीचा पातळ लेप देऊन घासून चकाकी आणायची आणि भाजायचं.

भाजलेल्या मातीच्या अशा वस्तूंनाच टेराकोटा म्हणतात. शब्द इटालियन आहे, वस्तू आपल्या पणतीच्याच जातीची.

बहुतेक मूर्ती ५ ते १२ सेंटीमीटर उंचीच्या आहेत. पाय खाली निमुळते होतात, त्यामुळे त्या स्वतःच्या बळावर उभ्या राहत नाहीत. म्युझियममध्ये त्या उभ्या दिसतात ते मागच्या स्टँडमुळे. मूळ मालक त्या हातात धरत असतील, आडव्या ठेवत असतील किंवा कशात तरी रोवत असतील. फोटोत ताठ उभी 'देवी' दिसते, तेव्हा तो ताठपणा म्युझियमनं दिलेला असतो, हे लक्षात ठेवा.

अमूर्त म्हणजे 'जमलं नाही' असं आहे का?

आता मूळ प्रश्न. ती अशी का दिसते?

कलेच्या भाषेत 'अमूर्त' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. एक, ज्यात ओळखू येईल अशी कुठलीच वस्तू नाही, फक्त रंग आणि आकार. दुसरा, ज्यात वस्तू ओळखू येते, पण तिच्यातलं बरंच काही गाळून मोजकंच ठेवलंय. वाल्दिवियाची मूर्ती दुसऱ्या प्रकारातली. ती बाई आहे हे लगेच कळतं, पण ती कुणा एका बाईचं चित्र नाही.

गाळणं म्हणजे निवड. काय गाळलं आणि काय ठेवलं, हे पाहिलं की बनवणाऱ्यांना काय महत्त्वाचं वाटत होतं याचा अंदाज येतो.

गाळलेलं : पावलं, बोटं, कान, चेहऱ्यावरचे भाव, बहुतेक वेळा हातसुद्धा.

ठेवलेलं : स्तन, दोन पाय, डोळे-तोंडाच्या चिरा.

भर देऊन ठेवलेलं : केस.

'एवढंच जमत होतं' हा युक्तिवाद इथंच कोसळतो. ज्या हातांनी केसांची एकेक रेघ नेमकी ओढली, त्या हातांना कान काढता आला नसता का? याच समाजातले कुंभार भांड्यांवर सफाईदार नक्षी कोरत होते. कौशल्य होतंच. ते कुठे वापरायचं हे त्यांनी ठरवलं होतं.

आणखी एक गोष्ट पाहा. दगडी मूर्ती चपट्या होत्या, त्याचं एक कारण दगड. दगडात जास्त काही कोरणं कष्टाचं. माती आल्यावर ही अडचण उरली नाही. मातीत हात काढा, बोटं काढा, हसरा चेहरा काढा, सगळं शक्य होतं. तरीही धड तसंच सरळसोट राहिलं, पाय तसेच निमुळते राहिले, चेहरा तसाच चिरांचा राहिला. नव्या मोकळिकीचा मोठा वाटा गेला केसांकडे. तंत्र बदललं, पण बाईची आकृती कशी असावी हा ठराव बदलला नाही. पिढ्यान्पिढ्या टिकतो तो नियम असतो, अपघात नाही.

म्हणून 'पुतणीपण करेल' या कमेंटला उत्तर असं : पुतणी एक करेल. शेकडो वर्षं, कितीतरी गावांमध्ये, वेगवेगळ्या हातांनी तोच नियम पाळत राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

केसांना एवढा भाव का?

या मूर्तींमध्ये केसांचे प्रकार पुष्कळ आहेत. काहींचे केस खांद्यांपर्यंत दाट सोडलेले. काहींचे कपाळाशी सरळ कापलेले. काहींच्या डोक्याचा काही भाग चक्क भादरलेला दिसतो. शरीर जवळपास सारखंच आणि केस मात्र वेगवेगळे, असं हे गणित आहे.

संशोधक कोस्तान्झा दी कापुआ यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात यावरूनच एक मांडणी केली. त्यांच्या मते या मूर्ती मुलीच्या वयात येण्याच्या विधीशी जोडलेल्या असाव्यात आणि केस व शरीरातले बदल म्हणजे मुलगी ते स्त्री या प्रवासाचे टप्पे. काही मूर्तींची छाती सपाट आहे, काहींची भरलेली, थोड्या गर्भवती आहेत. या सगळ्या वेगवेगळ्या देवता मानण्याऐवजी एकाच आयुष्याचे टप्पे मानले, तर बराच उलगडा होतो.

केस आणि वय यांचं असं नातं दक्षिण अमेरिकेत आजही दिसतं. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या तिकुना समाजात मुलगी वयात आल्यावर होणाऱ्या समारंभात तिचे केस काढले जातात. त्या समारंभाचं स्पॅनिश नावच 'पेलासोन', म्हणजे केस काढणं. अर्थात आजचा तिकुना समाज म्हणजे ५ हजार वर्षांपूर्वीचं वाल्दिविया नव्हे. पण केसांवरून माणसाची अवस्था सांगता येते, ही कल्पना त्या खंडात परकी नाही एवढं यातून कळतं.

यात न बसणाऱ्या मूर्तीही आहेत. काहींना एका धडावर दोन डोकी आहेत. काहींमध्ये स्त्री की पुरुष हे स्पष्ट होत नाही. सगळ्यांना एकच उत्तर लावायला गेलं की या मूर्ती आडव्या येतात.

देवी असेल, तर उकिरड्यात कशी?

हा या गोष्टीतला सगळ्यात रंजक पुरावा आहे. आणि तो फोटोत कधीच दिसत नाही.

उत्खननात सापडलेल्या बहुतांश मूर्ती मोडलेल्या आहेत. कुणाचं डोकं नाही, कुणाचे पाय नाहीत. आणि त्या देवळासारख्या जागी किंवा कबरीत जपून ठेवलेल्या नव्हत्या. मोठ्या संख्येनं त्या सापडल्या घरांच्या आसपासच्या कचऱ्यात, म्हणजे खापऱ्या, शिंपले, माशांची हाडं जिथे टाकली जात तिथेच. थोडक्यात, उकिरड्यात.

याचा अर्थ लावताना तीन मतं पुढे आली.

पहिलं मत, सुफलनाचं. स्त्रीचं शरीर, शेतीची सुरुवात, म्हणून पीक आणि संतती यांसाठीची पूजा. हे सर्वांत जुनं आणि सोशल मीडियावर सर्वांत लोकप्रिय मत. अडचण एवढीच की गर्भवती मूर्ती तुलनेनं कमी आहेत आणि पूजेची वस्तू कचऱ्यात का, याचं उत्तर यात सहज मिळत नाही.

दुसरं मत, उपचाराचं. मेगर्स आणि इव्हान्स यांनी हे मांडलं. आजारी माणसावर उपचार करताना वैदू किंवा शामान मूर्ती वापरत असेल, आणि काम झाल्यावर तिची शक्ती संपली म्हणून ती टाकून दिली जात असेल. पनामाच्या गुना समाजात उपचारासाठी 'नुचु' नावाच्या लाकडी मूर्ती वापरतात, त्यामुळे ही कल्पना हवेतली नाही. मूर्ती छोट्या का, पटकन बनणाऱ्या का आणि टाकून दिलेल्या का, हे तिन्ही यात बसतं.

तिसरं मत, वर पाहिलेलं आयुष्याच्या टप्प्यांचं. विधी झाला, मुलगी पुढच्या टप्प्यात गेली, मूर्तीचं काम संपलं.

वापर झाल्यावर मूर्ती सोडून देणं ही कल्पना आपल्याला खरं तर कळायला अवघड नाही. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करणाऱ्यांना कुणी 'तुमचा देवावर विश्वास नाही का' असं विचारत नाही. मूर्ती जपण्यासाठीच असते, हा म्युझियमचा विचार आहे. वाल्दिवियाच्या लोकांचा विचार तसा असेलच असं नाही.

मग 'व्हीनस' हे नाव कुठून आलं?

व्हीनस ही प्राचीन रोमची प्रेमाची आणि सौंदर्याची देवता. तिचा इक्वेडोरशी काडीचा संबंध नाही.

१८६४ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्कीस द व्हिब्रे यांना हिमयुगातली एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. त्यांनी तिला गमतीनं 'निर्लज्ज व्हीनस' असं नाव दिलं. १९०८ मध्ये ऑस्ट्रियात विलेंडॉर्फची प्रसिद्ध मूर्ती सापडली, तिलाही व्हीनस म्हटलं गेलं. मग जगात कुठेही जुनी, उघडी स्त्रीमूर्ती सापडली की तिला व्हीनस म्हणायची पद्धतच पडली.

नाव लक्षात राहतं, पण ते उत्तर आधीच देऊन टाकतं. व्हीनस म्हटलं की देवी आली, सौंदर्य आलं, कामुकता आली. अलीकडचे अनेक अभ्यासक म्हणून साधं 'वाल्दिविया मूर्ती' म्हणणं पसंत करतात. आपण शीर्षकात ते नाव वापरलंय, कारण शोधणारे त्याच नावानं शोधतात. पण अवतरणचिन्हात.

'सारखं दिसतं' म्हणजे 'तिथूनच आलं' का?

वाल्दिवियाच्या नावानं फिरणारी आणखी एक गोष्ट म्हणजे 'जपानी कोळी इक्वेडोरला पोहोचले होते'. ही अफवा म्हणून जन्मली नव्हती. १९६५ मध्ये मेगर्स, इव्हान्स आणि एस्त्रादा यांच्या नावानं स्मिथसोनियननं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती गंभीरपणे मांडली होती. एस्त्रादा तोवर हयात नव्हते, १९६१ मध्येच त्यांचं निधन झालं होतं. वाल्दिवियाच्या भांड्यांवरची नक्षी जपानच्या जोमोन संस्कृतीतल्या भांड्यांशी जुळते, म्हणून वादळात भरकटलेले जपानी कोळी इथं येऊन कुंभारकाम शिकवून गेले असावेत, असा तर्क होता.

तो टिकला नाही. १९७२ मध्ये वाल्दिवियाच्याही आधीच्या थरांतल्या भांड्यांची माहिती प्रसिद्ध झाली. कोलंबिया आणि ब्राझीलमध्ये जुनी भांडी मिळाली. एवढा समुद्र होडीतून पार करण्यातल्या अडचणी १९७८ मधल्या एका लेखानं दाखवून दिल्या. आणि मुख्य म्हणजे, ओल्या मातीवर काडी, नख किंवा शिंपला टेकवून जी नक्षी निघते, ती जगात कुठेही सारखीच निघू शकते.

हाच धडा मूर्तींनाही लागू होतो. चिरेसारखे डोळे दिसले म्हणून एलियन, भूमध्यसागरी देवी किंवा आधुनिक चित्रकार आठवणं साहजिक आहे. पण ते आपल्या डोक्यातलं साम्य असतं. उलट दिशेचा संबंध मात्र खरा आहे. एनरिके ताबारा, आनिबाल व्हियासिस, एस्तुआर्दो माल्दोनादो अशा २०व्या शतकातल्या इक्वेडोरच्या चित्रकारांनी आपल्या देशातल्या कोलंबसपूर्व आकारांपासून जाणीवपूर्वक प्रेरणा घेतली. म्हणजे जुनं आधुनिकासारखं दिसतं, त्यामागे आधुनिकांनी जुनं पाहिलं होतं, हेही एक कारण आहे.

खरी कोणती, खोटी कोणती?

इथवर आपण जे काही खात्रीनं बोललो, त्यातलं बरंचसं मूर्तीकडे बघून कळलेलं नाही. ती कोणत्या थरात होती, शेजारी काय होतं, मोडलेली होती की आख्खी, घरात होती की कबरीत, यावरून कळलंय. पुरातत्त्वात याला संदर्भ म्हणतात. मूर्ती खणून काढून विकली की संदर्भ संपतो, आणि तो परत मिळत नाही.

वाल्दिवियाच्या मूर्तींना जगभरात मागणी आली, तशी दोन गोष्टी घडल्या. चोरटं उत्खनन आणि बनावट मूर्ती. इक्वेडोरच्या कायद्यानुसार पुरातत्त्वीय वस्तू ही राष्ट्राची संपत्ती आहे आणि ती देशाबाहेर विकता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेनंही इक्वेडोरशी अशा वस्तूंची आयात रोखण्याचा करार केला. तरीही कागदपत्रं नसलेल्या मूर्ती बाजारात येत राहतात.

बनावट मूर्तींचा प्रश्न फक्त फसलेल्या गिऱ्हाइकाच्या पैशांपुरता नाही. कॅरन ओल्सेन ब्रन्स आणि नॅन्सी केल्कर यांनी २०१० मध्ये अँडीज भागातल्या बनावट पुरावस्तूंवर अख्खं पुस्तक लिहिलं. नकली वस्तू संग्रहात आणि पुस्तकांत शिरल्या, की 'अस्सल शैली' म्हणजे काय याची आपली समजच बिघडते. बनावट करणारा बाजारात खपेल असं बनवतो. आख्खी, मोठी, देखणी, ठळक चेहऱ्याची. मग तेच फोटो गाजतात आणि उकिरड्यातले खरे, बिनडोक्याचे तुकडे मागे पडतात. शेवटी आपण ज्या 'अमूर्त शैली'चं कौतुक करतो, ती ५ हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराची आहे की कालपरवाच्या विक्रेत्याची, हेच कळेनासं होतं.

प्रयोगशाळेत थर्मोल्युमिनेसन्स नावाच्या चाचणीनं माती शेवटची कधी भाजली गेली याचा अंदाज घेता येतो. पण ती चाचणी मूर्ती कुठल्या घरातली होती हे सांगू शकत नाही.

प्रतिकृती बनवणं मात्र गुन्हा नाही. वाल्दिविया गावात आजही कारागीर या मूर्तींच्या प्रतिकृती घडवतात आणि पर्यटक त्या घेऊन जातात. प्रतिकृती 'प्रतिकृती' म्हणून विकली, तर त्यात सगळ्यांचंच भलं आहे.

पुढच्या वेळी फोटो दिसला तर?

शेअर करण्याआधी कॅप्शनला हे चार प्रश्न विचारून पाहा.

१. मूर्ती कुठे सापडली हे लिहिलंय का? 'दक्षिण अमेरिका' किंवा 'खासगी संग्रह' हे उत्तर नव्हे. गाव किंवा उत्खननाचं ठिकाण हवं.

२. आता ती कुठे आहे? ग्वायाकीलच्या मानववंशशास्त्र आणि समकालीन कला संग्रहालयात वाल्दिविया मूर्ती आहेत, रेआल आल्तोच्या जागीही संग्रहालय आहे. म्युझियमचं नाव असेल, तर तपासता येतं.

३. 'देवी' हे नाव कुणी दिलं? बनवणाऱ्यांनी की आपण? वाल्दिवियाच्या लोकांनी काहीही लिहून ठेवलेलं नाही.

४. मोडलेल्या मूर्तीही दाखवल्यात का? सगळ्याच आख्ख्या आणि चकचकीत असतील, तर जरा थांबा.

आणि फोटो झूम करून केसांकडे जरूर पाहा. एखाद्या बाईबद्दल सांगण्यासारखं काय आहे, असं विचारल्यावर कुणीतरी चेहरा चार रेघांत उरकला होता आणि वेळ केसांना दिला होता. त्या केसांवरून त्या गावातल्या कुणालाही ती कोण हे एका नजरेत कळत असणार. आपल्याला ते आज पूर्ण वाचता येत नाही. जेवढं येतं, तेवढं कुणीतरी उकिरड्यातला प्रत्येक तुकडा जागेची नोंद करून उचलला म्हणून.